पूर ‘तिकडचा’ नसतो : उल्हास नदी, नगरपरिषद आणि आपण

शिरगावात राहणाऱ्या आपणांस उल्हास नदी खिडकीतून दिसत नाही. ती रेल्वेरुळांच्या पलीकडे, बदलापूर पश्चिमेकडील हेंद्रेपाडा, वालिवली या वस्त्यांच्या बाजूने वाहते. त्यामुळे पुराची वार्ता आली की आपण ती ‘तिकडची’ वार्ता समजतो, हळहळतो आणि आपल्या कामास लागतो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्यासाठी या स्मरणिकेतील हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

प्रारंभ एका साध्या गणिताने करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तेथे एक लिटर पाणी पडले. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या पावसाला सर्वांत वरच्या श्रेणीत ठेवतो. सोयीसाठी २०० मिलिमीटर धरू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा एका हेक्टरावर वीस लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर भरतील एवढे. ती जमीन शेताची वा माळाची असेल तर त्यातील काही भाग मुरतो, काही खाचरात थांबतो, उरलेला सावकाश वाहतो. तीच जमीन छप्पर, फरशी, डांबर आणि काँक्रीट यांनी झाकली, तर बहुतेक सारे पाणी तत्काळ नाल्याकडे धावते. रेल्वेच्या या बाजूचे पाणी मोऱ्यांतून पलीकडे जाऊन अखेर उल्हास नदीसच मिळते. म्हणजे ‘तिकडच्या’ पुरात आपल्या अंगणाचाही वाटा आहे.

पूर कसा घडतो

उल्हास नदी सह्याद्रीत, राजमाची–खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, उल्हासनगर असा प्रवास करीत ती कल्याणला पोहोचते आणि पुढे खाडीचे रूप घेऊन अरबी समुद्रास मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला की येथे उघडीप असतानाही पात्र फुगते. पात्र भरले की शहरातील नाल्यांचे पाणी नदीत शिरू शकत नाही. ते मागे तुंबते. यालाच फुगवटा म्हणतात. वरून आलेले पाणी, गावात पडलेले पाणी आणि पुढे जाण्यास अडलेले पाणी, या तिघांची गाठ पडते तेव्हा सखल वस्त्या बुडतात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसाने उल्हासच्या खोऱ्यातही हाहाकार माजवला. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली. सुमारे एक हजार प्रवासी पहाटेपासून डब्यांत अडकून पडले होते, चहूकडे पाणी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि अन्य यंत्रणांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले, आणि आसपासच्या गावकऱ्यांनीही हात दिला. २०२१ च्या जुलैत नदीने पुन्हा वस्त्यांत प्रवेश केला. चौदा वर्षांनी आलेला पूर दोनच वर्षांनी पुन्हा येतो, तेव्हा त्यास केवळ दैव म्हणून चालत नाही.

स्थानिक संस्थेचे काम

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. नगररचना, जमिनीच्या वापराचे व बांधकामांचे नियमन, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय तिच्यात आहेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या कलम ४१ ने स्थानिक प्राधिकरणांवर स्पष्ट कर्तव्ये सोपवली आहेत : कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधनसामग्री सदैव सज्ज ठेवणे, आपल्या हद्दीतील बांधकामे ठरलेल्या मानकांनुसार होत आहेत हे पाहणे आणि बाधित भागात मदत व पुनर्वसनाचे कार्य करणे.

यातील होड्या, दोर, निवारा आणि अन्नाची पाकिटे आपल्या डोळ्यांस दिसतात. नालेसफाई निदान कानावर येते. परंतु सर्वांत मोठे काम कोरड्या ऋतूत, कागदावर होते. ते म्हणजे कोठे बांधू द्यावयाचे आणि कोठे नाही, याचा निर्णय. पूर पावसाळ्यात येतो; त्याची हानी मात्र बरीचशी उन्हाळ्यातच ठरलेली असते.

या निर्णयासाठी महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित मानला जातो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. एकदा पूर आला, आता शंभर वर्षे निश्चिंती, असा तो नव्हे. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, असा त्याचा अर्थ आहे.

येथेच खरा पेच उभा राहतो. रेषा नकाशावर येण्यापूर्वीच अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून, कर्ज काढून घरे घेतलेली असतात. स्वस्त घर बहुधा सखल जागीच मिळते, म्हणून पुराच्या वाटेत अधिक करून अल्प उत्पन्नाची कुटुंबे असतात. त्यांना ‘तुम्ही नदीच्या जागेत राहता’ एवढे सुनावणे हा न्याय नव्हे. आणि रेषा पुसून टाकणे ही दया नव्हे, कारण कागदावरून पुसलेली रेषा पाणी वाचत नाही. नव्या बांधकामास ठाम नकार आणि जुन्या रहिवाशांस वेळेवर सूचना, सुरक्षित निवारा व सन्मानाचे पुनर्वसन, अशा दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या पाहिजेत.

नदी एक, कार्यालये अनेक

दुसरी अडचण हद्दींची. उल्हास नदी रायगड आणि ठाणे या दोन जिल्ह्यांतून जाते. तिच्या काठी ग्रामपंचायती आहेत, कर्जत आणि कुळगाव–बदलापूर या नगरपरिषदा आहेत, पुढे उल्हासनगर आणि कल्याण–डोंबिवली या महानगरपालिका आहेत. तिला मिळणाऱ्या बारवी नदीवरील धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे, मोऱ्या रेल्वेच्या आहेत. प्रत्येकाने आपापली हद्द सांभाळली तरी नदी कोणीच सांभाळली नाही, असे होऊ शकते.

या प्रश्नाचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी केला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीस विनाशक पूर आला. नदी बिहार आणि बंगाल अशा दोन प्रांतांतून वाहत होती. तेव्हा पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा विचार प्रांतांच्या सीमांनी न तोडता संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र व्हावा, ही भूमिका त्यांच्या खात्याने १९४५ च्या परिषदांत मांडली. त्यातूनच पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. उल्हासच्या खोऱ्याने घ्यावयाचा धडा हाच : कर्जतचा पाऊस बदलापूरला वेळेत कळावा, आणि बदलापूरची पातळी कल्याणला.

समुद्राशी आपला संबंध

बदलापूर समुद्रकाठी नाही. भरतीचे पाणी खाडीतून कल्याणच्या परिसरापर्यंतच येते. परंतु आपल्या पाण्याची वाट तिकडूनच आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने वाढली, आणि वाढीचा वेग अलीकडे अधिक आहे. समुद्र जितका उंच, तितका भरतीच्या वेळी पाण्याचा निचरा कठीण. मुंबईत पर्जन्यवाहिन्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने महानगरपालिकेस पाणी उपसणारी उदंचन केंद्रे उभारावी लागली, आणि मार्च २०२२ मध्ये तिने वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. यंत्राने पाणी उपसता येते. पण पाणथळ जागा आणि खारफुटी हेच काम अहोरात्र, विजेविना करतात.

आपले कर्तव्य

कोणत्याही कृतीचा परिणाम दूरवर पोहोचतो, हे आपण आपल्या शाळेत शिकतो. येथे त्याचा अर्थ अगदी साधा आहे. शिरगावच्या नाल्यात टाकलेली पिशवी मोरीत अडकते, आणि पाणी ज्याच्या घरात शिरते तो आपल्या ओळखीचा नसतो. म्हणून कचरा नाल्यात न टाकणे ही केवळ स्वच्छता नसून करुणा आहे. आणि नगरपरिषदेस पूररेषेविषयी नम्रपणे पण नेटाने प्रश्न विचारणे हे नागरिकत्व आहे.

स्वाध्याय

१. शाळेच्या छपराचे व मैदानाचे क्षेत्रफळ मोजा. १०० मिलिमीटर पावसात त्यांवर किती लिटर पाणी पडेल?
२. शाळेजवळील नाल्याचा मार्ग रेल्वेच्या मोरीपर्यंत, शिक्षकांसमवेत आणि कोरड्या ऋतूतच, चालून पाहा व नकाशा काढा.
३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : २००५ साली पाणी कोठवर आले होते? ती खूण वहीत नोंदवा. तुम्हीही एक पूररेषा आखलेली असेल.