जपानी ताट, मंडईच्या भावात

जपानी स्वयंपाकाची हौस सोलापुरात महाग पडते ती बाहेरून मागवलेल्या मालामुळे. यादी घेऊन आधी लक्ष्मी मंडईत जा. बरंचसं तिथेच निघतं. इथले भाव किरकोळ बाजारातले आणि अंदाजे धरावेत. हंगामाप्रमाणे ते हलतात, घासाघीस केली तरी हलतात.

दाइकॉन म्हणजे जाड, सौम्य पांढरा मुळा. आपला बारीक आणि तिखट, उन्हाळ्यात तर फारच, म्हणून तो थंडीतच घ्यावा. पाल्यासकट पेंडी दहा ते वीस रुपयांना मिळते. पाला तिथेच तोडून टाकू नका. चकत्या तांदळाच्या धुवणात उकडल्या की उग्रपणा उतरतो. मग सोया सॉस आणि चिमूटभर साखर घातलेल्या पाण्यात त्या मंद आचेवर मुरवायच्या. पाला बारीक चिरून तिळाबरोबर कोरडा परतला की भातावर भुरभुरायला होतो. सातोइमो या जपानी अळूकंदाच्या जागी अळकुड्या चालतात, किलोला साठ ते शंभर रुपये. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते.

खरी बचत एदामामेत आहे. एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या, भरलेल्या शेंगा. गोठवलेलं अर्धा किलोचं पाकीट तीनशेच्या आसपास किंवा त्याहून वर जातं, आणि इकडे बार्शी तालुक्यात सोयाबीनची शिवारंच्या शिवारं उभी असतात. जूनच्या पेरणीची शेंग ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला भरते आणि हिरवी असते. शेतकऱ्याला काय द्यायचं, याचा हिशेब असा: किलोभर हिरव्या शेंगांतून साधारण अर्धा किलो दाणे निघतात आणि त्यांत सुमारे सत्तर टक्के पाणी असतं. म्हणजे वाळलेलं सोयाबीन झालं दीडशे ग्रॅम. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या दराने त्याचे आठ रुपये होतात. शेंग पिकू दिली असती तर थोडे अधिक. तुम्ही किलोला चाळीस रुपये दिलेत तर तोडणीची मजुरी धरूनही त्याला परवडतं आणि तुम्हालाही. मात्र शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारल्याशिवाय शेंग घेऊ नका. आपले वाण तेलबियांचे, दाणा कडक. मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकडा. कच्चे दाणे खाऊ नयेत, प्रथिनं पचू न देणारा घटक त्यात असतो.

पालेभाज्यांत घोळ सर्वात स्वस्त, पेंडी दहा-पंधरा रुपयांना. जपानच्या यामागाता प्रांतात हीच भाजी उकडून वाळवतात आणि नववर्षाला शिजवतात. त्यांच्याकडे ७ जानेवारीला सात पाल्यांची भाताची पेज करतात. आपली भोगी जेमतेम आठवड्यावर असते. तीळ तर दोन्हीकडचे. उकडलेल्या पालकात भाजलेल्या तिळाचं कूट, सोया सॉस आणि साखर कालवली की गोमा-आए तयार. तिळाऐवजी शेंगदाण्याचं कूट घातलं तरी जपानी माणूस नाक मुरडणार नाही.

गोबो नावाचं मूळ आणि म्योगा या जपानी आल्याच्या कळ्या इथे शोधत बसू नका. म्योगाऐवजी कोवळं आलं केसासारखं चिरा. गोबोविना काही अडत नाही. फुलवाल्याकडच्या शेवंतीची पानं शुंगिकू, म्हणजे जपानी खायची शेवंती, म्हणून खाऊ नयेत, त्यावर काय फवारलंय ते कोण सांगणार? शिसो या सुवासिक पाल्याची ताजी पानंही मिळत नाहीत, तेवढं बी मागवा; पाकीट शंभर-दोनशे रुपयांना. पाऊस सुरू झाला की कुंडीत पेरा. बियांना उजेड लागतो, वर मातीचा जाड थर नको. हिवाळ्यात पेरलंत तर दिवस लहान असल्याने रोप पानं धरण्याआधीच फुलावर येतं.

पैसे खर्चायचे तर मिसोवर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यावर. अर्धा किलोला साडेतीनशे ते सातशे रुपये पडतात. पण एका वाटी सूपला चमचाभर पुरतो आणि फ्रिजमध्ये तो महिनोन्महिने टिकतो. वसाबीच्या ट्यूबला दोनशेच्या वर मोजाल, आणि आत बहुतेकदा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग निघेल. त्यापेक्षा मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा. जपानी कराशी अशीच होते. पाणी उकळतं नको, झणका धरत नाही.