आकड्यापुढे एकक लिही

चि. भाचीस,

फोनमध्ये एककं क्षणात बदलून मिळतात, मग राँटजेन, रॅड, ग्रे, सिव्हर्ट यांची गणितं हातानं का करायची, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. बिदर जिल्ह्यातल्या भालकीकडे कुणी एकराचे गुंठे करतो तेव्हा चाळीसनं गुणतो आणि जमीन तीच राहते. रॅडचे ग्रे करणं तसंच आहे. एक किलो पदार्थानं एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे, आणि शंभर रॅडचा एक ग्रे. 1975 साली हे एकक मान्य झालं, तरी रेडिओथेरपीत सेंटिग्रे रुळला, कारण एक सेंटिग्रे म्हणजे नेमका एक रॅड आणि जुने आकडे जसेच्या तसे वाचता येतात. राँटजेनपाशी आलीस की मात्र जमीनच बदलते. राँटजेन मोजतो ते हवेतलं आयनीकरण. शरीरात किती ऊर्जा उतरली हे तो सांगत नाही. एक राँटजेन म्हणजे हवेत सुमारे 8.7 मिलिग्रे, मऊ ऊतीत थोडे अधिक, आणि तपासणीच्या एक्स-रेच्या कमी ऊर्जेला हाडात त्याच्या चौपटीच्या आसपास. ‘राँटजेन म्हणजेच रॅड’ ही जुनी सवय कोबाल्टच्या किरणांना बऱ्यापैकी चालते, हाडाच्या एक्स-रेला चालत नाही. म्हणून कोणती पायरी निव्वळ गुणाकाराची आणि कोणती गृहीतकाची, हे ओळखणं मी तुझ्या शिक्षणात सगळ्यात महत्त्वाचं मानतो.

आपल्याच मुलखातलं उदाहरण घे. शहापूर तालुक्यातलं गोगी पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होतं, आता यादगीरमध्ये आहे. भीमा खोऱ्यातल्या चुनखडीत आणि तिच्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये तिथे युरेनियम सापडलं. बिदरचं पठार बेसाल्टचं, वर जांभा. बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम तिन्ही कमी, तर यादगीर-सुरपूरकडच्या ग्रॅनाइटमध्ये अधिक. त्यामुळे मीटर घेऊन बिदरहून दक्षिणेला निघालं तर कुठलीही खाण नसताना आकडा चढलेला दिसला तर नवल नाही. समज, एका अंगणात मीटरनं ताशी 10 मायक्रोराँटजेन दाखवले. हवेतली शोषित मात्रा ताशी सुमारे 87 नॅनोग्रे झाली. वर्षाचे 8,760 तास धरले की 0.76 मिलिग्रे. हवेतल्या ग्रेवरून प्रौढ माणसाच्या शरीराचा सिव्हर्ट, म्हणजे जैविक परिणामाचा अंदाज, काढायला 0.7 हा गुणक वापरतात, म्हणजे वर्षाला 0.53 मिलिसिव्हर्ट, तेही माणूस चोवीस तास त्याच अंगणात बसला तर. बाहेरचा वेळ पाचवा हिस्सा धरण्याची रीत आहे, तसं केलं की उरतात 0.11 मिलिसिव्हर्ट. आता कुणी मायक्रोराँटजेनला मायक्रोग्रे समजलं, तर 0.76 च्या जागी जवळपास 88 मिलिग्रे लिहिले जातील, शंभरपटीहून अधिक. उलट चूक झाली तर खरा धोका तितकाच लहान दिसेल. ज्या गावाच्या पायाखाली युरेनियम आहे, तिथल्या माणसांवर या दोन्ही चुका सारखाच अन्याय करतात. आणखी एक जपायचं: सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, पण ती निसर्गातून आणि उपचारातून मिळणारी मात्रा सोडून. खडकाचा आकडा त्या मर्यादेशेजारी ठेवून निकाल देणं चूक आहे.

गॅमा किरणांसाठी ग्रे आणि सिव्हर्ट सारखेच, मग एवढी चिकित्सा कशाला, असं तू म्हणशील. एखाद्या अवयवानं शोषलेल्या मात्रेपुरतं ते खरं आहे. पण मघाचा 0.7 बघ: तिथे किरण गॅमाच होते, तरी हवेतला ग्रे आणि शरीराचा सिव्हर्ट एक नव्हता. अल्फा कणांसाठी तर ग्रेवरून सिव्हर्ट काढण्याचा गुणक 20 आहे. युरेनियमच्या खाणीत मोठी काळजी असते ती श्वासातून फुप्फुसात जाणाऱ्या, रेडॉनपासून झालेल्या कणांची. ते अल्फा सोडतात आणि गॅमाच्या मीटरला तो अल्फा दिसत नाही. ‘एकास एक’ पाठ केलेला माणूस तिथे वीसपट चुकेल आणि आपण चुकलो हे त्याला कळणारही नाही.

राहिला यंत्राचा मुद्दा. यंत्र गुणाकारात चुकत नाही हे मान्य. 1986 साली चेर्नोबिलच्या अपघातानंतर किरणांची पातळी ताशी 3.6 राँटजेन असल्याचं वर कळवलं गेलं. हाताशी असलेल्या मीटरची धाव सेकंदाला 0.001 राँटजेनपर्यंतच होती. 3,600 सेकंदांनी गुणलं की बरोबर 3.6 येतात. गुणाकार अचूक होता, पण ती मीटरची कमाल होती. अणुभट्टीच्या तुकड्यांजवळ प्रत्यक्षात ताशी हजारो राँटजेन होते. हे ओळखायला आकड्यामागे काय आहे हे माणसालाच विचारावं लागतं. तुझ्या रेडिओथेरपीच्या रोजच्या कामातलंही बघ. कोबाल्ट यंत्राचा दर मिनिटाला 120 सेंटिग्रे असेल आणि रुग्णाला 2 ग्रे द्यायचे असतील, तर 200 भागिले 120, म्हणजे 1.67 मिनिटं. त्याचा अर्थ 1 मिनिट 40 सेकंद. घाईत कुणी 67 सेकंद लावले तर रुग्णाला ठरल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा मिळेल. शिवाय कोबाल्ट-60 दर महिन्याला सुमारे एक टक्क्यानं क्षीण होतो आणि 5.27 वर्षांत निम्मा उरतो. आज 1 मिनिट 40 सेकंदांत होणाऱ्या कामाला तेव्हा 3 मिनिटं 20 सेकंद लागतील. जुना दर तसाच ठेवून फोननं कितीही अचूक भागाकार केला, तरी खाटेवरच्या माणसाला औषध कमीच पडेल.

तेव्हा फोन जरूर वापर, पण आधी कागदावर अंदाज काढ. पुढच्या पत्रात एखाद्या मीटरचा आकडा कळवलास, तर मिली की मायक्रो, ताशी की मिनिटाला, हवेतला की शरीरातला, हे सगळं त्याच्यापुढे लिहूनच पाठव.

तुझा,
मामा