माळीण : डोंगराच्या कुशींतील एक लहान गांव

पिंपरीहून उत्तरेस निघालें म्हणजे चाकण, राजगुरुनगर व मंचर हीं गांवें लागतात. मंचरास नाशिकचा हमरस्ता सोडून पश्चिमेस वळावें. घोडेगांव मागें पडतें, डिंभें धरणाचें पाणी दिसूं लागतें, आणि सपाट शेतें संपून सह्याद्रीचे उतार सुरू होतात. ह्याच उतारांत आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव वसलें होतें. आमच्या पुष्कळ वाचकांचीं घरेंही अशाच डोंगरांस टेकलेलीं आहेत, म्हणून ह्या गांवाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

प्रथम जमीन पाहूं. सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर थिजून हा काळा कातळ झाला. वरचा दगड ऊनपावसानें कुजून त्याचा मुरूम व तांबडी माती झाली. खालीं कातळ तसाच राहिला. माती पाणी पिते, कातळ पीत नाहीं. एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

येथील रहिवासी बहुतेक महादेव कोळी जमातीचे. खाचरांत भात, वरकस जमिनींत नाचणी व वरई, आणि रानांतला हिरडा, ह्यांवर त्यांचा चरितार्थ. शेजाऱ्यांनीं मिळून एकमेकांचीं खाचरें रचावयाचीं, ह्या रीतीस ते पडकई म्हणतात. सावकारांचा पाश ह्या खोऱ्यांत जुना. जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले ह्यानें 1873 पासून सावकारांविरुद्ध बंड चालविलें, व 1876 सालीं तो पकडला गेला. पुढें घोड नदीवर डिंभें धरण झालें, आणि ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें गांवच पाण्याखालीं गेलें. धरणाचें पाणी कालव्यांनीं पूर्वेकडील शेतांस जातें. काठच्या डोंगरी वाड्यांकडे तें आपण होऊन कसें चढावें?

30 जुलै 2014 रोजीं सकाळीं, मुसळधार पाऊस पडत असतां, गांवावरचा डोंगर सुटला. चाळीस घरें, किंबहुना त्यांहून अधिक, चिखलांत गाडलीं गेलीं. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकास गांव जागेवर दिसेना. बाहेर वर्दी गेली ती त्याच्याकडून. एक माता व तिचें तीन महिन्यांचें बाळ जिवंत निघालीं. शाळेची इमारत बचावली. 151 माणसें दगावलीं.

ह्यास नुसता पावसाचा दोष देऊन भागत नाहीं. मातींत मुरलेलें पाणी कातळाशीं अडतें, माती जड होते, तळाशीं पाण्याचा दाब वाढून तिची पकड सुटते. झाडांचीं मुळें असलीं तर ती कांहींशी धरून राहते. यंत्रांनीं केलेल्या सपाटीकरणावर पुष्कळांनीं ठपका ठेविला, पुष्कळांस तें मान्य नाहीं. आमच्या मतें पडकईचें नांव त्यांत गोवणें उचित नाहीं. हातानें रचलेलें खाचर आणि यंत्रानें उभा कापलेला उतार ह्यांत फार अंतर आहे. तथापि उतारावर पाणी अडवावयाचें तर जास्तीच्या पाण्यास वाट काढून देणें अवश्य आहे.

दरड सुटण्यापूर्वीं डोंगर पुष्कळदां खुणा देतो. उतारावर आडवी भेग पडते. झाडें व खांब कलतात. दारें चौकटींत अडकूं लागतात. निवळ झरा एकाएकीं गढूळ होतो किंवा आटतो. भर पावसांत अशी खूण दिसतांच माणसांनीं उताराच्या वाटेंतून बाजूस निघावें, ओढ्याच्या पात्रांतून जाऊं नये, व भांड्याकुंड्यांसाठीं थांबूं नये. शिक्षकांनीं ह्या खुणा मुलांकडून पाठ करून घ्याव्या.

जुन्या जागीं मृतांचा स्मृतिस्तंभ आहे. उरलेल्या कुटुंबांकरितां जवळच आमडे येथें नवें गांव बांधून 2 एप्रिल 2017 रोजीं तें त्यांच्या स्वाधीन करण्यांत आलें. तेंही उतार कापूनच बसविलेलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हां तेथील नवे रस्ते व भराव जागोजागीं खचले.