नारूचा माग

नारू म्हणजे काय, हे आजच्या शाळकरी मुलांना समजावून सांगावे लागते. पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या गावांत मात्र तो एके काळी चांगलाच परिचित होता. पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटात नारूच्या अळ्या वाढतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास सुमारे वर्षभराने, बहुधा पायावर, फोड येतो आणि त्यातून दोऱ्यासारखा लांबलचक जंत बाहेर पडू लागतो. आग शमविण्यासाठी रुग्णाने पाय विहिरीत बुडविला, की अळ्या पुन्हा पाण्यात उतरतात.

या रोगावर लस नाही. जंत मारणारे खात्रीचे औषधही नाही. तरीही १९८३-८४ मध्ये भारताने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९८४ साली महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते. घरोघर शोध, जखमेवर मलमपट्टी, रुग्णास पाणवठ्यापासून दूर ठेवणे, पाणी फडक्याने गाळणे, विहिरीत टेमेफॉस टाकणे, पायऱ्या बंद करून पाणी शेंदण्याची सोय करणे, एवढीच साधने होती. त्यांतही शोधाचे काम सर्वांत अवघड. आज दिसणारा रुग्ण गेल्या वर्षी बाधित झालेला असल्याने, 'तेव्हा पाणी कोठे प्यालात?' हा प्रश्न विचारावा लागे. आणि मजुरीला किंवा लग्नकार्याला परगावी गेलेल्या माणसाच्या उत्तरातून दोषी पाणवठा दुसऱ्याच गावी सापडे.

देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. त्यानंतरही शोध थांबला नाही. 'रुग्ण नाही' असा अहवाल पाठविणे कंटाळवाणे खरे. पण अशा अहवालांच्या बळावरच फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

कॉलरा किंवा गॅस्ट्रोच्या साथीत वर्षभराची सवलत नसते. कॉलऱ्याची लागण काही तासांतही प्रकट होते. एकाच वस्तीतील दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्याचे कळताच सरपंचांनी वा शिक्षकांनी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. त्या घरांचे पाणी एकाच नळाचे वा विहिरीचे आहे काय, हे पाहावे. गटारातून जाणारी जलवाहिनी गळते काय, तेही तपासावे. पाण्याची ओ. टी. चाचणी घ्यावी आणि पिवळा रंग न आल्यास आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने टी.सी.एल. पावडर टाकून, ठरलेल्या वेळाने पुन्हा चाचणी करावी.