वॅटच्या आधी व्होल्ट

भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधल्या राहू बेटात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत आणि पाणी उपसणाऱ्या मोटारी तर जागोजागी आहेत. याच टापूत शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या एका रसिक शेतकऱ्याने जुना ३० वॅटचा अ‍ॅम्प्लीफायर काढून दर चॅनलला १०० वॅटचा पॉवर अ‍ॅम्प्लीफायर असेंबल करून घेतला. ऐकायचे ते नाट्यसंगीत, ख्याल आणि गीतरामायण. थोडेच दिवस गेले आणि एका रात्री फट् असा आवाज झाला. खोलीत जळका वास पसरला आणि डाव्या स्पीकरचा वूफर कायमचा मुका झाला.

दोष मोटारींच्या पाळीपर्यंत जाऊन पोचला.

शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते. मोटारी चालू असताना वस्तीवरचे व्होल्टेज १९० पर्यंत उतरते, पाळी संपून भार सुटला की ते २६० पर्यंत चढते. त्या अ‍ॅम्प्लीफायरचा ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५चा होता. २३० व्होल्टला अशा ट्रान्सफॉर्मरमधून फिल्टरनंतर दोन्ही बाजूंना सुमारे ४९ व्होल्ट डीसी मिळतो, २६० ला तोच ५५ च्या पुढे जातो. कारागिराने लावलेले फिल्टर कंडेन्सर मात्र ५० व्होल्टचे. म्हणजे नेहमीच्या व्होल्टेजलाही ते काठावरच होते. त्या रात्री एका बाजूचा कंडेन्सर फुटला, तोल गेला आणि दुसऱ्या बाजूचा डीसी थेट वूफरच्या कॉइलमध्ये शिरला. तिथे ६३ किंवा ८० व्होल्टचे कंडेन्सर हवे होते. डीसी दिसताच स्पीकरची जोडणी तोडणारे प्रोटेक्शन सर्किटही हवे होते. रिलेसकट ते सर्किट नव्या वूफरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, त्यामुळे त्यात काटकसर करणे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

कमी व्होल्टेजने स्फोट होत नाही, पण पैसे वाया जातात. वीज १९० वर आली की अ‍ॅम्प्लीफायरच्या आतला डीसी त्याच प्रमाणात खाली येतो आणि शक्ती त्याच्या वर्गाने घटते. १०० वॅटचा अ‍ॅम्प्लीफायर तेव्हा ७० वॅटही धड देत नाही. मोठी तान आली की आवाजाची टोके कापली जातात आणि त्याची झळ आधी ट्वीटरला लागते. म्हणून बेत ठरवण्याआधी आठवडाभर सकाळ-रात्र मल्टिमीटर लावून आकडे वहीत लिहावेत. चढउतार मोठा असेल तर स्टॅबिलायझर आधी घ्यावा, अ‍ॅम्प्लीफायर नंतर.

मुळात ३० वरून १०० वॅटवर गेल्याने आवाज फक्त ५ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. स्पीकरची संवेदनशीलता ८५ ऐवजी ९० डेसिबल असेल तर तेवढाच फरक जुन्या अ‍ॅम्प्लीफायरवरही मिळतो. बारा बाय चौदाच्या खोलीत ख्याल ऐकताना बहुतेक वेळ काही वॅटच खर्च होतात, हे डब्यावरचा मोठा आकडा पाहताना विसरले जाते. पीएमपीओच्या आकड्याकडे तर बघूच नये, आरएमएस किती आणि किती ओहमला तेवढे विचारावे. स्पीकर ४ ओहमचे असतील तर प्रवाह ८ ओहमच्या दुप्पट वाहतो. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक तेवढ्या तयारीचे आहेत का, हे कारागिराकडून स्पष्ट करून घ्यावे.

नवा अ‍ॅम्प्लीफायर चांगला की वाईट हे जोरात लावून कळत नाही. तानपुरा एकटा वाजत असताना कान द्यावा. फिल्टर कमजोर असेल तर १०० हर्ट्झची घरघर खर्जाच्या आसपासच घुटमळते. अर्थिंग नीट नसेल किंवा दोन उपकरणांची अर्थिंग एकमेकांत गुंतली असेल तर ५० हर्ट्झचा हम येतो. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतावे. हम घालवायला तीन पिनांतली अर्थची पिन काढणे हा जिवाशी खेळ आहे.

पुण्यात तापकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, पण ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टर जोडीच्या नकला देशभर बाजारात फिरतात. म्हणून हे भाग पक्क्या बिलावरच घ्यावेत. तयार झालेला अ‍ॅम्प्लीफायर पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लखलखतच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत आला तरच स्पीकरची वायर लावावी.