वेग वाढवावा तरी किती? महामार्गावरील इंधनखर्चाचा हिशेब



बियाणे, खत, औषध आणि मजुरी यांचा हिशेब आपण वहीत मांडतो. गाडीत टाकलेल्या पेट्रोल-डिझेलचा हिशेब मात्र बहुतेक घरांत ‘वरखर्च’ या एका शब्दात संपतो. आज गावोगावी कार आणि पिकअप आल्या आहेत. संत्रा नागपूरला न्यायचा, कापूस जिनिंगला पोहोचवायचा, तूर-सोयाबीन बाजार समितीत उतरवायचे किंवा घरचे माणूस दवाखान्यात न्यायचे, अशा प्रत्येक कामाला इंधन लागते. हा खर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय चालकाच्या उजव्या पायाखाली असतो. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. गाडीचा वेग आणि इंधन यांचा संबंध मात्र नीट समजून घ्यावा लागतो.

वऱ्हाडातील रस्ते बदलले

पूर्वी अकोला-अमरावती रस्त्यावरील खड्डेच वेगाला आवर घालत असत. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. तो अमरावती, वाशीम आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जातो. अकोल्याकडील शेतकऱ्यांना शेलूबाजार किंवा कारंजा येथून त्यावर चढता येते. सपाट भागात या मार्गावर कारला ताशी १२० किलोमीटर आणि मालवाहू वाहनाला ८० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे.

रस्ता मोकळा आणि सरळ मिळाला की वेगाचा काटा नकळत वर जातो. १२० ची परवानगी आहे म्हणून १२० नेच चालवावे, असा समज होतो. परंतु कायद्याने ठरवलेली मर्यादा आणि खिशाला परवडणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडीला अडवते कोण?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन रोधांवर मात करावी लागते.

१) चाकांचा रोध : टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ऊर्जा खर्च होते. हा रोध गाडीच्या एकूण वजनावर आणि चाकातील हवेवर अवलंबून असतो. वेग वाढल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

२) हवेचा रोध : गाडीला समोरची हवा बाजूला सारून वाट काढावी लागते. बैलगाडीच्या वेगाला हवा जाणवत नाही. मोटारसायकलवर ६० च्या पुढे गेलो की हीच हवा छातीवर दाब देते. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो.

सुमारे १२०० किलो वजनाच्या मध्यम कारसाठी नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर ४० च्या वेगाला एकूण रोधापैकी हवेचा वाटा सुमारे २८ टक्के येतो. ८० ला तो ६० टक्के आणि १२० ला ७७ टक्के होतो. ८० वरून १२० वर गेल्यास एकूण रोध सुमारे पावणेदोन पट होतो. जास्त भार पडल्यावर इंजिन थोडे अधिक कार्यक्षमतेने चालते, म्हणून इंधन तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही. तरीही वाढ मोठी असते.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ७४ वाहनांची माहिती २०१३ मध्ये तपासली. ताशी ८० किलोमीटरवरून सुमारे ९७ वर गेल्यास गाडीचा ॲव्हरेज सरासरी १२ टक्क्यांनी घटतो, ९७ वरून ११३ वर गेल्यास १४ टक्क्यांनी आणि ११३ वरून १२९ वर गेल्यास १५ टक्क्यांनी, असे त्यात दिसले. म्हणजे वेगाची प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग पडते.

मग गाडी अगदी हळू चालवावी काय? तसेही नाही. फार कमी वेगात खालचा गिअर लागतो आणि इंजिन नुसते फिरत राहण्यासाठी लागणारे इंधन थोड्याच अंतरावर विभागले जाते. म्हणून २०-२५ च्या वेगालाही ॲव्हरेज कमी मिळतो. पेट्रोलियम संवर्धनाचे काम करणारी पीसीआरए ही केंद्र शासनाची संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला फार पूर्वीपासून देत आली आहे. द्रुतगती मार्गावर इतके हळू जाणे सोयीचे नसते आणि मागून वेगाने येणाऱ्या वाहनांमुळे सुरक्षितही नसते. तेथे आपल्यापुढे ८०, १०० आणि १२० असे तीन पर्याय उरतात.

२०० किलोमीटरचा हिशेब

आपली कार ८० च्या वेगाला लिटरमागे २० किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे, असे समजू. वर सांगितलेली घट लावली तर २०० किलोमीटरच्या प्रवासाचा हिशेब पुढीलप्रमाणे येतो.

तक्ता १ : वेग, वेळ आणि पेट्रोलचा खर्च

| वेग (ताशी कि.मी.) | लागणारा वेळ | ॲव्हरेज (कि.मी./लिटर) | पेट्रोल (लिटर) | खर्च (रुपये) |
|---|---|---|---|---|
| ८० | २ तास ३० मिनिटे | २० | १०.० | १,००० |
| १०० | २ तास | १७ | ११.८ | १,१८० |
| १२० | १ तास ४० मिनिटे | १४ | १४.३ | १,४३० |

आता हा तक्ता खताच्या प्रयोगासारखा वाचावा. नत्राच्या पहिल्या हप्त्याने पीक जोमाने वाढते. दुसऱ्या हप्त्याने उत्पादन वाढते, पण पहिल्याइतके नाही. त्यापुढे टाकलेल्या गोणीचे पैसेही वसूल होत नाहीत. याला आपण घटत्या उत्पन्नाचा नियम म्हणतो. वेगालाही हाच नियम लागू पडतो.

८० वरून १०० वर गेल्यास ३० मिनिटे वाचतात आणि १८० रुपये जास्त लागतात. वाचलेले प्रत्येक मिनिट ६ रुपयांना पडले. १०० वरून १२० वर गेल्यास फक्त २० मिनिटे वाचतात आणि २५० रुपये जास्त लागतात. येथे प्रत्येक मिनिट साडेबारा रुपयांना पडले. वेग दोन्ही वेळा २० नेच वाढवला, पण दुसऱ्या वेळी लाभ कमी आणि मिनिटाची किंमत दुपटीहून अधिक झाली.

नीम-कोटेड युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते. म्हणजे २० मिनिटे वाचवण्यासाठी आपण जवळजवळ एक गोणी युरिया रस्त्यावर सांडतो. येताना तोच वेग ठेवला तर दुसरी गोणी जाते. ती २० मिनिटे पुढे टोल नाक्यावर किंवा शहरात शिरतानाच्या गर्दीत निघून जातात, हाही आपला अनुभव आहे.

मालवाहू पिकअपचा विचार

पिकअपची समोरची बाजू उंच व चौकोनी असते. त्यात संत्र्याच्या कॅरेटची थप्पी केबिनच्या वर गेली की हवेचा रोध आणखी वाढतो. मालासह ३.२ टन आणि रिकामी १.७ टन वजनाची पिकअप धरून हिशेब केला, तर वेग ६० वरून ८० केल्यास भरलेल्या गाडीचा एकूण रोध सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. रिकाम्या गाडीत हीच वाढ सुमारे ४५ टक्के येते. कारण रिकामी गाडी हलकी असते, पण तिची हवेला अडणारी बाजू फारशी कमी होत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. माल असताना चालक जपून चालवतो आणि माल उतरला की परतीच्या वाटेवर गाडी पळवतो. ज्या फेरीला भाडे मिळत नाही, त्याच फेरीत डिझेल उधळले जाते. म्हणून परतीच्या फेरीतही वेग ६० ते ६५ च्या दरम्यान ठेवावा. सुमारे १५० किलोमीटरच्या अंतरात ६० आणि ८० यांतील फरक ३७-३८ मिनिटांचा पडतो. माल उतरल्यावर एवढी घाई क्वचितच असते. गाडी भाड्याची असेल तर डिझेल कोणाकडे आणि वेग किती, हे ठरवतानाच बोलून घ्यावे.

वेगाइतक्याच महत्त्वाच्या बाबी

१) वेग एकसारखा ठेवावा. १०० वर असताना ब्रेक मारून ६० वर यायचे आणि पुन्हा १०० गाठायचे, यात १२०० किलोच्या कारची जेवढी ऊर्जा वाया जाते, तेवढ्यात ती १०० च्या वेगाने सुमारे ६०० मीटर चालली असती. पुढील वाहनापासून अंतर ठेवले व दूरवर नजर ठेवली की ब्रेक कमी लागतो.

२) चाकातील हवा दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासापूर्वी तपासावी. सकाळी टायर थंड असतानाच तपासावी. अकोल्याच्या मे महिन्यातील उन्हात चाललेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढू नये. दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला दाब प्रमाण मानावा. कमी हवेचा टायर इंधन जास्त खातो आणि वेगात तापून फुटण्याचा धोकाही असतो.

३) टपावरील कॅरिअर काम नसताना काढून ठेवावे. टपावर मोठी पेटी किंवा सामान असेल तर द्रुतगती मार्गावरील वेगाला इंधन १० ते २५ टक्के जास्त लागू शकते. शक्य ते सामान डिकीत ठेवावे.

४) पिकअपवरील ताडपत्री दोरीने ताणून बांधावी. फडफडणारी ताडपत्री हवेचा रोध वाढवते आणि स्वतःही फाटते.

५) ८० च्या पुढे काचा बंद ठेवाव्यात. उघड्या काचांतून शिरणारी हवा गाडीला मागे ओढते.

आपल्या गाडीचा प्रयोग आपणच करावा

प्रत्येक गाडीचा ॲव्हरेज वेगळा असतो. म्हणून तक्त्यातील आकडे वाटाड्या समजावेत आणि आपले आकडे स्वतः काढावेत. शेतावरील चाचणीप्रमाणेच ही चाचणी घ्यावी.

टाकी फुल्ल करावी. नोझल आपोआप बंद पडले की थांबावे, वरून आणखी भरू नये. किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. ठरवलेल्या वेगाने किमान १०० किलोमीटर जाऊन-येऊन प्रवास करावा. जाऊन-येऊन केल्याने वारा आणि चढ-उतार यांचा परिणाम बराचसा निघून जातो. त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा टाकी फुल्ल करावी. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. हीच कृती दुसऱ्या वेगाने करावी. माणसे, सामान आणि चाकातील हवा दोन्ही वेळा सारखी असावी. एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक वेगाच्या निदान तीन चाचण्या घेऊन सरासरी काढावी.

थांबायला लागणारे अंतर

वेगाचा वर्ग इंधनाप्रमाणेच ब्रेकलाही लागू पडतो. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या चांगल्या रस्त्यावर ८० च्या वेगातील कार सुमारे ६३ मीटरवर थांबते. १२० च्या वेगात तिला सुमारे १२६ मीटर लागतात, म्हणजे नेमके दुप्पट. रात्री रोही आडवा आला किंवा दिवे नसलेली ट्रॉली पुढे दिसली, तर या ६३ मीटरवरच सर्व अवलंबून असते. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर झालेल्या बस दुर्घटनेत २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. अपघाताची कारणे अनेक असतात, परंतु वेग जितका अधिक तितकी चूक सावरायला जागा कमी उरते.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखल्यावर अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा कायद्याने लावली. हेतू तेल वाचवण्याचा होता. त्या वर्षी तेथील रस्त्यांवरील मृत्यू सुमारे ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले. लोकांचा प्रवास कमी झाला हेही त्याचे एक कारण होते, पण कमी झालेल्या वेगाचाही त्यात वाटा होता. तो कायदा १९९५ मध्ये रद्द झाला.

शिफारस

समृद्धी महामार्गावर कारचा वेग ९० ते १०० च्या दरम्यान एकसारखा ठेवावा आणि डावीकडील मार्गिकेतून चालावे. इतर महामार्गांवर ७० ते ८० पुरेसा आहे. पिकअप ६० ते ६५ ने चालवावी. गावांजवळ आणि घाटात फलकावरील मर्यादा पाळावी. लिलावाची वेळ गाठायची असेल तर अर्धा तास आधी निघावे. आधी निघायला पेट्रोल लागत नाही. पुढील महिनाभर गाडीच्या डायरीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि ठेवलेला वेग या चार गोष्टी लिहाव्यात. महिनाअखेर बेरीज केली की आपल्या गाडीला कोणता वेग परवडतो, हे आपल्याच आकड्यांवरून कळेल.