घरी घ्यावयाचे इन्शुलिन : सिरिंज आणि सुई यांची निवड

आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेक घरांत आज एखाद्या तरी वडीलधाऱ्या माणसास इन्शुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. जोयडा तालुक्यात घरे विखुरलेली, मध्ये रान आणि नद्या. रोज दोन वेळा इंजेक्शनासाठी दवाखाना गाठणे अशक्यच. तेव्हा हे काम घरच्या माणसांनीच शिकून घ्यावे लागते. सुई टोचण्याचे भय सर्वांनाच वाटते. परंतु खरा धोका टोचण्यात नसून सिरिंजच्या निवडीत आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

गेल्या श्रावणातील गोष्ट. रामनगरच्या बाजूस एका घरी आजींचे इन्शुलिनचे पेन ऐन रात्री अडले. बाहेर मुसळधार पाऊस, दुकान बंद. आजी पूर्वी कुपीतील इन्शुलिन घेत असत, त्या वेळची लाल टोपणाची एक कोरी सिरिंज फडताळात होती. मुलगा म्हणाला, "आई, पेन बिघडले म्हणून काय झाले? औषध तेच. नळीतून सिरिंजने ओढून घेऊ." सोळा युनिटांच्या रेषेपर्यंत औषध भरूनही झाले. इतक्यात आठवीत शिकणारी नात म्हणाली, "बाबा, थांबा जरा. ह्या नळीवर शंभर लिहिलंय आणि सिरिंजवर चाळीस. असं कसं?"

त्या मुलीने विचारलेला प्रश्न हाच ह्या विषयाचा गाभा होय. इन्शुलिन युनिटांत मोजतात. आपल्या देशात कुपीतून मिळणारे इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरात ४० युनिटे असलेले असते. पेनच्या नळीतील मात्र एका मिलिलिटरात १०० युनिटांचे. जगातील पुष्कळ देशांत कुपीतही १०० चेच मिळते, म्हणून परदेशी असलेल्या मुलाने प्रेमाने पाठविलेली कुपी उघडण्यापूर्वी तिच्यावरील आकडा पाहणे अवश्य आहे. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० च्या औषधासाठी वेगळी, १०० च्या औषधासाठी वेगळी. पहिलीचे टोपण सामान्यतः लाल, दुसरीचे नारिंगी. पण दिव्याच्या मंद उजेडात लाल आणि नारिंगी यांत वृद्ध डोळ्यांना कितीसा फरक दिसणार? म्हणून रंगावर विसंबू नये, आकडा वाचावा.

आता हिशेब पाहू. ४० च्या सिरिंजमध्ये १६ ची रेषा म्हणजे ०.४ मिलिलिटर. त्यात १०० चे औषध भरले, तर शरीरात १६ नव्हे, ४० युनिटे जातात, म्हणजे अडीचपट. रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम, कंप, भ्रम, आणि वेळीच उपाय न झाल्यास बेशुद्धी व मृत्यूही. उलट, ४० चे औषध १०० च्या सिरिंजमध्ये १६ च्या रेषेपर्यंत घेतले, तर ६.४ युनिटेच पोचतात, आणि साखर वाढतच जाते. मनातल्या मनात गुणाकार-भागाकार करून चुकीची सिरिंज वापरण्याचा उद्योग कोणी करू नये. पेनच्या नळीतून सिरिंजने औषध ओढणे तर टाळावेच. त्या घरी सिरिंज बाजूला ठेवून डॉक्टरांना दूरध्वनी केला गेला, आणि त्या रात्री काय करावे ते त्यांनाच विचारण्यात आले.

कोणी बेळगावाहून, कोणी दांडेलीहून, कोणी गोव्याहून औषध आणतो. आणणाऱ्याच्या हाती केवळ चिठ्ठी न देता रिकामी कुपी आणि सिरिंजचे वेष्टन द्यावे, हे उत्तम.

सुईविषयी थोडे. तिच्या जाडीचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. ३१ ची सुई ३० च्या सुईहून बारीक असते. लांबी अधिक असली म्हणजे औषध अधिक लागू पडते, हा समज खोटा आहे. त्वचेची जाडी दोन-अडीच मिलिमीटरच असते, आणि इन्शुलिन त्वचेखालच्या चरबीत जावयास हवे. स्नायूत गेल्यास ते अवेळी व वेगाने भिनते. म्हणून पेनसाठी ४ मिलिमीटरची सुई लठ्ठ माणसासही पुरते. सिरिंजच्या सुईला कुपीचे रबरी बूच भेदावयाचे असल्यामुळे ती ६ किंवा ८ मिलिमीटरची असते. ती वापरताना त्वचेची हलकी चिमट धरावी. जागा रोज बोटभर सरकवावी. एकाच ठिकाणी टोचल्याने गाठ धरते आणि तेथून औषध नीट शोषले जात नाही.

जुन्या पिढीस काचेची सिरिंज उकळून घेतल्याचे स्मरत असेल. ती रीत काचेसाठी योग्य होती. आजच्या प्लास्टिकच्या सिरिंजला नव्हे. उकळल्याने ती वाकते, सुई स्पिरिटने पुसल्याने तिच्यावरचा गुळगुळीत लेप जातो, आणि प्रत्येक वापराने टोक बोथट होते. प्रत्येक वेळी नवी सुई, हाच नियम. खर्चाची अडचण खरी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. ती डॉक्टरांपाशी संकोच न धरता बोलावी. मात्र पती-पत्नींनीही एकमेकांची सुई वा पेन कदापि वापरू नये. काविळीचे काही प्रकार व एड्सचे विषाणू ह्याच मार्गाने पसरतात.

वापरलेली सुई शेणखताच्या खड्ड्यात, परसात किंवा देवळाच्या निर्माल्यात टाकू नये. तेथे अनवाणी मुले वावरतात, गुरे तोंड घालतात. फिनेलची रिकामी जाड बाटली घ्यावी, तीत सुया साठवाव्या, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून आरोग्य केंद्रात विचारून द्यावी.

उत्सवाच्या दिवशी महाप्रसादास उशीर होतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. जेवणाआधी घ्यावयाचे इन्शुलिन घरी घेऊन मग देवळात पंगतीची वाट पाहत बसणे धोक्याचे. पान केव्हा मांडले जाणार ह्याची खात्री झाल्यावरच सुई घ्यावी, आणि जवळ साखरेची पुडी ठेवावी. एकादशीचा उपवास करणाऱ्यांनी मात्रा किती घ्यावी हे आधीच डॉक्टरांना विचारावे; स्वतःच्या मनाने इन्शुलिन बंद करू नये. वाढप्यांनीही, कोणी वृद्ध पहिल्या पंगतीची विनंती करीत असेल तर कारण न विचारता त्यास बसू द्यावे.